कवेलू फेरून द्या

वावधनाच्या वादळात घर उघडं पडलं तेव्हा जिजाबाईनं आपल्या छपराचे वाचलेले कवेलू गुपचूप विकले आणि सेवा मंडळाकडून नवे उकळले, असं नंदनवन मोहल्ल्यापलीकडची अख्खी वस्ती सांगायची. सांगणारे विकल्याचा वारही सांगत. मंगळवार.

मंगळवार तेवढा खरा. बाकी वस्तीच्या जिभेवर चढलेलं बाळसं.

एकोणसत्तरच्या मे महिन्यात वावधन आलं आणि निम्म्या वस्तीची छपरं घेऊन गेलं. जिजाबाईनं चिखलातून सहाशे धड कवेलू वेचले, अंगणात रचले. घरात तिचा माग होता, जमिनीत खड्डा खणून बसवलेला, त्यावर अर्धं विणलेलं नऊवारी लुगडं. पावसाआधी छप्पर झालं नाही तर खड्ड्यात पाणी, पाण्यात माग, आणि मागाशिवाय जिजाबाई म्हणजे नुसती जीभ. जीभही काही कमी नव्हती, पण तिच्यावर लुगडं विणता येत नाही.

मदतीला आलेल्या सेवा मंडळाचा म्होरक्या श्रीधर. पुण्याहून बदलून आलेल्या साहेबाचा मुलगा. बोलण्याआधी घसा असा खाकरायचा, की वाटावं आता बातम्या लागतील.

"काकू, आपली नेमकी अडचण काय आहे?"

"अडचण काय राहीन गा? थे कवेलू तेवढे फेरून द्या."

आमच्याकडे कवेलू फेरणं म्हणजे ते छपरावर नीट, नव्यानं रचणं. दर पावसाळ्याआधी घरोघरी तेच चालतं. श्रीधरनं 'फेरून'चं 'फिरवून' केलं, 'फिरवून'चं 'परत', आणि डोळे भरून आल्यावर वहीत लिहिलं: जिजाबाई, कवेलू परत केले, गरजूंसाठी.

मंगळवारी बाई सूत आणायला इतवारीच्या बाजारात गेली. इकडे बैलबंडी आली, कवेलू भरून नेले, श्रीधरनं 'या माउलीचा त्याग' यावर भाषण केलं, टाळ्या झाल्या. संध्याकाळी ती परतली तेव्हा तिचे कवेलू शेजारच्या चंपतरावांच्या घरावर होते आणि चंपतराव त्यांच्या सावलीत सुपारी कातरत बसले होते.

"माहे हायेत थे," जिजाबाई म्हणाली.

"होते. आता दानाचे हायेत. टाळ्या आइकल्या नाई काय?"

"मले इचारलं कोनी?"

"दान वापस मांगू नये वं बाई. पुढच्या जल्मी कासव होशीन. पाठीवर एकच कवेलू, थोही उतरवता येत नाई."

गल्ली पोट धरून हसली. घर दुसऱ्याचं असतं तर जिजाबाईही हसली असती, सगळ्यांत मोठ्यानं.

चूक कळल्यावर श्रीधर ओशाळला. मंडळानं भट्टीवरून नवे कवेलू आणले, पण कमी पडले. मग त्यानं ते पसरून लावायला सांगितले. जिजाबाई खाली उभी राहून ओरडत होती, "कवेलूवर कवेलू चार बोटं चढवा लागते."

"दोन पुरेत, काकू. मी गणित केलंय."

"गनित भिजत नाई गा. मी भिजतो."

कोणी ऐकलं नाही. रविवारी छप्पर झाल्याचा नारळ फुटला. सोमवारी मंडळ कन्हान नदीकडच्या गावांत जाणार होतं. जिजाबाई म्हणाली, गळन. मंडळात मीही होते, दोन दिवस त्या छपरावर गुडघे सोलले होते. मला राग आला. "एक थेंब गळला तर महिनाभर तुमच्या कांड्या भरीन," मी म्हटलं. म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायचं, दिवसभर.

"महिनाभर?"

"महिनाभर."

बाईनं भरलेली घागर उचलली आणि शिडी चढायला लागली.

"काकू, खाली लुगडं आहे," श्रीधर घाबरला. "आधी झाकू या."

"झाकलं तं म्हनसान, गळलंच नाई. उद्या तुमी जाऊन राह्यले. पाऊस आल्यावर कोनाले दाखवू? चंपत्याले?"

घागर उपडी झाली. पाणी दोन बोटांच्या फटींतून सुतळीसारखं थेट ताण्यावर उतरलं. सुताची खळ सुटली. काठाचा लाल रंग पांढऱ्या अंगात पसरत गेला. दारातून चंपतराव हसले. जिजाबाई खाली आली, काठ मुठीत धरून पिळला आणि लाल झालेली चार बोटं श्रीधरच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर उमटवली.

"एवढी," ती म्हणाली.

मंडळ आणखी आठ दिवस राहिलं. छप्पर उतरलं, पुन्हा चढलं, चार बोटांवर. इतवारीतल्या व्यापाऱ्यानं ते लुगडं हातातही घेतलं नाही.

आषाढ लागला त्या दिवशी मी कांड्या भरायला बसले. ती प्रत्येक कांडी बोटानं दाबायची, "ढिली हाय" म्हणायची आणि उकलून माझ्या मांडीवर फेकायची. अमावास्येला मी पाय झटकून उठले.

"कुठं चालली वं?"

"महिना झाला."

"महिना म्हनलं होतं ना तू? औंदा आषाढ दोन हायेत. बस खाली."