अंगठ्याखालचा थर

माझे बाबा विणकर. जन्मभर त्यांनी विणलेली लुगडी गांधीबागेच्या कापडबाजारात विकली गेली; घरात त्यातलं वीतभरही उरलं नाही. पुढे माग मोडीत निघाला, बाबांनी एका गोदामावर राखणदारी धरली आणि मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ऑक्साइडचे थर बसवू लागले. धातूंच्या ऑक्साइडचे, एकावर एक, केसाहून कितीतरी पातळ. थंड करून चुंबकात धरले की त्यांतून वीज एकदम सहज वाहू लागते. हे नातेवाइकांना समजावणं मी कधीच सोडलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

बाबांनी मात्र पिच्छा सोडला नाही. शेवटच्या आजारपणात एकच धोशा, "तू तिथं करून काय राहिली वं? मले एकदा दाखव. मंग सुखानं जाईन."

"मग दाखवतच नाही," मी म्हणायचे.

शेवटी एक नमुना घरी नेलाच. नखाएवढी चकती, वर काळपट चमक. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली.

"कापड कुठं हाय याच्यात?"

"तो वरचा काळा थर, बाबा. तेच माझं कापड."

त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि मी हात धरायच्या आत थरावर घासला. कापडाला खळ किती, हे पाहायची त्यांची रीतच ती. दुकानातली साडीही त्यातून सुटत नसे. पण या थराचा ओलावा वैरी. सगळी मेहनत पाण्यात, तेही थुंकीच्या! मला हसू फुटलं.

"घट्ट विणलं वं पोरी," बाबा म्हणाले. "धागा हालत नाही."

त्यानंतर लवकरच ते गेले.

तो नमुना प्रयोगशाळेत नेऊन मोजला, तर वीज धड वाहीना आणि चुंबकालाही दाद देईना. सर म्हणाले, थर घासून काढ, त्याच चकतीवर नवा चढव, चकत्या महाग असतात. मी दुसरी चकती घेतली. सर रागावले. रागावू देत. बाबांच्या अंगठ्याच्या रेषा मी घासणार नव्हते.

परवा नवा थर जमला. चुंबकात धरताच विजेचा रोध झपकन उतरला, सरांनी सगळ्यांना चहा पाजला. मी नमुना डबीत घालून घरी आणला आणि खिडकीशी गेले. तिथं खाट नव्हती. मला फार एकटं वाटलं. मी माझाच अंगठा जिभेला लावला, थोडा वेळ थरापाशी तसाच धरला आणि ओढणीला पुसून टाकला.