बिनभिंतींचं घर

बँकेनं ठेवीचं व्याज पुन्हा उतरवलं, तसा मला चेव आला. निम्मे पैसे शेअर्समध्ये टाकायचे, निम्मे जागेत, असं ठरवून मी मंगळवेढा रस्त्यावरचे प्लॉट बघायला गेलो. ज्वारीच्या शिवारात मधोमध फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या. इथला भाव वर्षात किती चढेल, या नादातच मी एक रेघ ओलांडली.

"चपला भाईर काढा की!"

रेघेच्या आत, मातीत, साठीची एक बाई डबा उघडून बसली होती. तिच्या चपला रेघेबाहेर नीट जोडीनं ठेवलेल्या. मीही काढल्या.

"बसा. ह्यो सोपा. तितं सैपाकघर, खिडकी उगवतीला." बोलताना तिचे हात हवेतच भिंती लिंपत होते. कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगांची चटणी माझ्या हातावर ठेवत ती म्हणाली, "बिड्या वळून साटवलेलं बँकंत निस्तं निजून हुतं. काढलं आन ही जागा घेतली! लेकानं थोडे शेअर बी घेतले. लई वर गेल्यात म्हनं. पर त्येच्यात बसून भाकर खाता येत न्हाय की!"

तिची खुशी मलाही चढली. शेजारचा प्लॉट आजच धरायचा, म्हणून मी चटकन उठलो आणि रस्त्याकडेला थांबलेल्या एजंटाकडे निघालो.

मागून हाक आली, "अवं, भिंतीतनं कुटं निगालाय? दार हिकडं हाय!"

मी मागं फिरलो आणि दारातून बाहेर पडलो. चौकट ठेंगणी असेल म्हणून जरा वाकलोही.