रिकामा फ्लॅश आणि भामरागडची पंगत

नवा डिजिटल कॅमेरा माझ्या फोटोच्या दुकानात येऊन आठच दिवस झाले होते आणि भामरागडहून लग्नाचं बोलावणं आलं. आश्रमशाळेत शिकवणाऱ्या मेश्रामभाऊंच्या धाकटीचं लग्न. दहा वर्षांपूर्वी थोरलीच्या लग्नाचे फोटोही मीच काढले होते, तेव्हा रिळाच्या कॅमेऱ्यावर. बल्लारपूरहून भामरागड म्हणजे मोटरसायकलवर पाठीचा खुळखुळा, पण मी इतका हुरळलेलो की पुढचं ऐकायच्या आधीच हो म्हणून बसलो. माझी बायको शबाना म्हणाली, "मी बी येते. बायांकडचे फोटो मी काढीन." दुकानाचा कॉम्प्युटर तिच्याच हातात असतो. नाही म्हणायची माझी काय टाप!

जाणाऱ्यांनी पहाटेच निघावं. मे महिन्यात दहानंतर माणूस भाजून निघतो. गोंडपिपरी, मग आष्टीला वैनगंगेचा पूल, मग आलापल्ली. पेट्रोलची टाकी आलापल्लीलाच भरा, पुढे भरवसा नाही. बसस्टँडसमोर आलूबोंडा आणि त्यावर लालभडक तर्री खाल्ली. दहा-बारा रुपयांत दोघांचं पोट भरलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. पुढे नुसतं जंगल. मोकळ्या जागांत तेंदूपत्त्याचे पुडके ओळीनं वाळत घातलेले. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की हा रस्ता तुटतो, म्हणून इकडची लग्नं त्याआधी उरकून घेतात. शबाना मागे कॅमेऱ्याची पिशवी तान्ह्या लेकरासारखी मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला मलाच बोल लावत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न. मांडवात बुद्धवंदना झाली, पांढऱ्या साडीतल्या नवरीनं हार घातला आणि मी सुटलो! रिळात छत्तीस फोटो, तिथं एकेक जपून काढायचा. इथं शेकडो! खटाखट, खटाखट. दर फोटोनंतर माझ्याभोवती गराडा. "दाखव ना, दाखव!"

एक म्हातारेबुवा कॅमेऱ्याच्या मागची काच बघून रागावलेच. "माहे डोये मिटले नं! पुन्हा काढ!"

नवरदेवाचा मित्र म्हणाला, "भाऊ, सीडी आजच देजा. उद्या ऑर्कुटवर टाकतो. पुण्याचे पोट्टे वाट पाहून राह्यले."

इतकी मजा मला कुठल्याच लग्नात आली नव्हती. हा कॅमेरा खोटं बोलू देत नाही, एवढीच काय ती अडचण, हे मी हसत हसत शबानाला सांगितलं. अर्ध्या तासात तेच माझ्या अंगाशी आलं.

मेश्रामभाऊंची बहीण यमुनाबाई पाण्याचा गिलास घेऊन आली. "शेखभाऊ, थोरलीच्या लग्नात तुमी माहा अन् मालकाचा फोटो काढला होता. मले भेटलाच नाई जी. किती डाव बसवाल्याजवळ निरोप धाडला. मालक जाऊन तीन साल झाले. त्याइचा फोटो म्हणजे मतदान कार्डावरचा तेवढा, काळाठिक्कर."

मला सगळं आठवलं. रिळात तीनच फोटो उरले होते, ते बिदाईसाठी राखलेले. हे दोघं हौसेनं समोर येऊन उभे राहिले. तिनं नवऱ्याचे केस नीट केले. मग आम्ही सगळेच फोटोवाले करायचो तेच मी केलं. कॅमेऱ्याचं बटण दाबलंच नाही, नुसता फ्लॅश उडवला. लख्ख उजेड पडला, दोघं खूष होऊन गेले.

'रीळ खराब झालं' हे उत्तर जिभेवर तयारच होतं. पण ती त्या काचेकडे बघत होती. शेवटी खरं ते सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मंग आमी हासलो कायले जी?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, आता तुमचा काढतो," म्हटलं, तर "एकलीचा कायले?" म्हणत ती रिकामा गिलास घेऊन निघून गेली. जेवणात वांग्याची भाजी होती, बुंदी होती. कशाचीच चव लागली नाही.

घरी आल्याबरोबर बिस्किटाच्या डब्यातून थोरलीच्या लग्नाच्या निगेटिव्ह काढल्या. शबानानं एकेक स्कॅन केली आणि स्क्रीनवर मोठी करून पाहिली. पन्नासाव्या की बावन्नाव्या फोटोला मी ओरडलोच. जेवणाच्या पंगतीचा फोटो, आणि मागे वरणाची बादली घेऊन वाकलेले यमुनाबाईंचे मालक! चेहरा थोडा पुसट, पण हसरा.

शबाना म्हणाली, "तिचा चेहरा मी बायांमधे हळूच टिपला हाय. जोडून देऊ दोघाइले? दहा मिनिटाचं काम."

सोपं होतं. हल्ली लग्नाच्या अल्बममध्ये आम्ही नवरा-नवरीला बर्फाच्या डोंगरावर उभं करतोच की. पण एकदा फसवलेल्या बाईला न विचारता जोडायचं? मेश्रामभाऊंचा फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागला. त्यांनी बहिणीला बोलावलं. मी सगळं सांगितलं.

"जोडू नका," ती पटकन म्हणाली. "वरण वाढून राह्यले म्हणता? त्याइच्या समोर कोन बसलं हाय?"

मी पाहिलं. "एक बाई आहे. पाठमोरी."

"हिरवं लुगडं?"

"हो."

"ताटावर आडवा हात धरला हाय का? बस म्हणून?"

हात होता. बांगड्यांसकट.

फोनवर ती हसली. "मी बस बस म्हणून राह्यली होती. त्याइनं तरी वाढलंच!"

मांडवात मिरवलेला नवा कॅमेरा टेबलावर पडून होता. शबानानं प्रिंटरमध्ये सगळ्यात मोठा कागद घातला, आणि मी रविवारी पुन्हा भामरागडला निघायचं म्हणून मोटरसायकलची हवा बघायला गेलो.