शेजारच्या सीटवरचे मास्तर

मोटार शिकवणाऱ्या माणसाला स्वतः मोटार चालवायची वेळच येत नाही, ही गोष्ट गल्लीत कुणाच्या लक्षात आली नव्हती. खुद्द मास्तरांच्याही नाही. सकाळी पहिला शिकाऊ दारात हजर, गाडी तोच बाहेर काढणार. संध्याकाळी शेवटचा शिकाऊ मास्तरांना घरी सोडणार, गाडी भिंतीला जेमतेम न घासता लावणार आणि स्वतः बसने घरी जाणार. मधला सगळा दिवस मास्तर शेजारच्या सीटवर. पायाशी शिकवणीच्या गाड्यांत असतो तो जादा ब्रेक, एक हात स्टिअरिंगकडे झेप घ्यायच्या तयारीत आणि तोंड अखंड चालू. "नजर लांब. बॉनेटवर काय बघताय, आरसा आहे का तो? क्लच हळू. हळू म्हणजे हळू, मुंगीवर पाय पडलाय असं समजा."

निम्म्या गावाला त्यांनी शिकवलंय. डॉक्टर, पोस्टमन, बँकेतल्या बाई, सगळे त्यांच्याच शिव्या खाऊन रस्त्याला लागले. शिकली नाही ती फक्त त्यांची बायको. ती लग्नानंतर लगेच दुसऱ्या मोटार-शाळेत नाव घालून आली. कारण विचारलं की म्हणायची, "नवऱ्याकडून गाडी शिकणारी बाई माहेरी पायी जाते."

मास्तरांच्या शाळेची गाडी कायम लाल बिल्ल्याच्या कंपनीची. छोटी, पाच दारांची, कुणालाही परवडणारी, शाळेतली पोरं आणि भाजीच्या पिशव्या वाहणारी. मास्तरांची त्या कंपनीवर अशी श्रद्धा, की दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसले तर रुमाल पसरून बसत.

आणि नेमके त्यांचे साडू निळ्या बिल्ल्याचे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, औषधांचं दुकान चालवणारे. गोळ्या मोजता मोजता त्यांनी निळ्या कंपनीचा सगळा इतिहास पाठ केला होता. त्यांच्याकडेही तसलीच छोटी गाडी, पण तिची दांडगी आवृत्ती. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर कंपन्या आपली तीच साधी गाडी घेतात, आत जबर इंजिन बसवतात, त्याला हवेचा भाता म्हणजे टर्बो जोडतात, ब्रेक मोठे करतात, स्प्रिंगा कडक करतात आणि मागे धुराच्या दोन नळ्या काढून देतात. बाहेरून गाडी जवळपास तीच. एखाद्या गरीब कारकुनाने सदऱ्याखाली पैलवानाचं अंग कमवून ठेवावं, तशी.

दोघं साडू एकत्र जेवायला बसले की पानावर गाड्याच. शेवटी बहिणी-बहिणींनी नियम केला, जेवताना गाडीचा ग चालणार नाही. मग दोघं चमचे वापरू लागले. साडू मिठाच्या भांड्याला चमच्याने वळसा घालून दाखवत, मास्तर आपल्या चमच्याने त्यांना आतून गाठत, आणि दोघं एक अक्षर न बोलता घामाघूम होत.

पुढे शाळेची जुनी गाडी थकली, तेव्हा मास्तरांनी गुपचूप लाल कंपनीची दांडगी गाडी उचलली. आधीच्या मालकाची पाठ तिने धरली होती, म्हणून तो विकायला निघालेला. घरी येऊन मास्तर म्हणाले, "अगं, आपली होती तीच गाडी. रंग तोच, दारं तितकीच."

बायको बसली. पहिला गतिरोधक आला.

"अहो," ती टाळू चोळत म्हणाली, "तीच गाडी, तर मग हिच्या स्प्रिंगा काय सासूबाईंनी निवडल्यात?"

खरं कळल्यावर तिने दोन दिवस अबोला धरला. तो सोडवायला मास्तरांनी कबूल केलं की ही गाडी शिकवणीलाच वापरणार. लगेच शेजारी जादा ब्रेक बसवून घेतला. तेव्हापासून शिकाऊ मंडळी क्लच सोडत आणि गाडी बेडकासारखी उडी मारून चौकापर्यंत जाई. त्या काळात शाळेचा निकाल मात्र सुधारला. भीतीने माणूस लवकर शिकतो.

साडूंना बातमी लागायला कितीसा वेळ? थोरलीच्या वाढदिवसाला सगळे जमले असताना त्यांनी विषय काढलाच.

"काय मास्तर, गाडी घेतलीत म्हणे आमच्या तोडीची?"

"तोडीची नाही, साडूभाऊ. तुमच्या वरताण."

"असेल, असेल. पण चालवतं कोण?" साडूंनी सगळ्यांकडे एक नजर फिरवली. "तुम्ही ड्रायव्हर कुठे आहात? तुम्ही ब्रेक असलेले पॅसेंजर!"

घर हसलं. थोरली हसली, पाहुणे हसले. तेही चाललं असतं, पण मास्तरांची बायकोसुद्धा हसली. मास्तरांनी बशीतला केक तसाच ठेवला. घरी परतताना त्यांनी किल्ली हातात घेतली आणि त्यांना आठवेना, की आपण शेवटचे स्टिअरिंगमागे कधी बसलो होतो. गाडी सुरू केली तर पाय सवयीने आधी ब्रेकवर, आणि तो उठायलाच तयार नाही. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे निघून गेला.

त्याच आठवड्यात मोटार क्लबने छोट्या दांडग्या गाड्यांची शर्यत जाहीर केली. एका वेळी एकच गाडी, नारिंगी शंकूंमधून वळणं घेत जायचं, घड्याळ लावून. प्रत्येक गाडीला तीन फेऱ्या, त्यातली सर्वांत जलद धरायची. शेजारच्या सीटवर एक सज्ञान माणूस हवाच, आणि दोघांपैकी कुणीही चालवलं तरी चालेल. साडूंनी नाव दिलं. मास्तरांनीही दिलं. बक्षिसाच्या कपाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आपण पॅसेंजर की ड्रायव्हर, एवढंच त्यांना चारचौघांत एकदा ठरवून टाकायचं होतं.

शर्यतीची जागा म्हणजे लायसन्सची परीक्षा घेतात ते मैदान. रविवारी रिकामं असतं म्हणून क्लबने भाड्याने घेतलेलं. मास्तरांना तिथला खडा न् खडा ओळखीचा. वर्षानुवर्षं कुंपणाशी उभे राहून त्यांनी तिथे आपली माणसं पास होताना आणि नापास होताना पाहिलेली. ते खूश झाले. "घरचंच अंगण आहे," बायकोला म्हणाले.

साडूंच्या पहिल्या दोन फेऱ्या झाल्या. निळी गाडी गुरगुरत गेली, प्रत्येक वळणावर टायर किंचाळले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंपणापाशी मास्तर मात्र पुटपुटत होते. "उशिरा दाबतो. मग दाबूनच ठेवतो. आणि बघतो कुठे, तर नाकासमोरच्या शंकूकडे." तरी वेळ सगळ्यांत चांगली लागली.

मग मास्तर. डोक्यावर हेल्मेट, शेजारी बायको. निशाण पडलं आणि लाल गाडी सुटली. पहिलं वळण छान, दुसरंही छान. बायको म्हणाली, "अहो, जमतंय की!" तेवढ्यात मैदानाच्या मध्यावर परीक्षेसाठी रंगवलेली ती पांढरी रेघ आली. ह्या रेघेवर न थांबणारा नापास, हे मास्तरांनी हजार जणांच्या डोक्यात ठोकून बसवलेलं. मास्तर थांबले. पुरते थांबले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं, आणि वळण्याआधी दिवाही दाखवला.

कुंपणाकडून असा हशा उठला, की पंचाच्या हातातलं घड्याळ पडता पडता वाचलं. दुसऱ्या फेरीत मास्तरांनी मनाशी शंभरदा घोकलं, थांबायचं नाही, थांबायचं नाही. थांबले नाहीत. पण रेघ जवळ आली तसा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि गाडी वरातीसारखी रेघ ओलांडून गेली.

साडू वाटच बघत होते. "मास्तर, पास झालात हो! लायसन्स घरपोच येईल!"

मास्तरांनी किल्ली बायकोच्या हातात ठेवली. "तिसरी फेरी सोडून देऊ. चल, घरी जाऊ."

बायकोने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. वाढदिवसाला आपणही हसलो होतो, हे तिला आठवलं असावं. "घरी कशाला? बसा तुमच्या जागेवर. मी चालवते."

"तू?"

"मी दुसऱ्या शाळेची. मला तुमच्या रेघेची भीती नाही. मी नुसता ॲक्सिलरेटर सांभाळते, ब्रेक तुमचा. संसारात तरी वेगळं काय चाललंय?"

आता ह्यातली गंमत अशी. टर्बो हा आळशी नोकर. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की लगेच डुलकी घेतो, आणि पुन्हा पाय दिला की डोळे चोळत उठतो. एकट्या ड्रायव्हरला ब्रेकसाठी पाय उचलावाच लागतो. इथे बायकोचा पाय ॲक्सिलरेटरवरून हललाच नाही आणि मास्तरांचा जन्माचा सराव असलेला पाय बरोबर हवा तिथे, हवा तेवढाच पडत गेला. टर्बोला डुलकी घ्यायला सवडच मिळेना. "नजर लांब," मास्तर सांगत होते. "पुढचा शंकू विसर, त्याच्या पुढचा बघ. वळव. आता दे. दे म्हणतो ना!" पांढरी रेघ कधी मागे गेली, ते मास्तरांनाही कळलं नाही.

पंचाने घड्याळ दोनदा पाहिलं. लाल गाडी पहिली, निळी दुसरी.

"हे चालायचं नाही!" साडू धावत आले. "दोन माणसं मिळून एक गाडी! चार पायांची गाडी आहे ही!"

पंचाने डोकं खाजवलं. "शेजारच्याने ब्रेक दाबू नये असं नियमांत कुठे नाही. कुणाला सुचलंच नव्हतं."

"भाऊजी, तुमची एक फेरी आहे ना अजून?" मास्तरांची बायको गोड आवाजात म्हणाली. "मग चिडता कशाला?"

फेरी होती, पण शेजारी बसायला माणूस नव्हता. थोरलीने हेल्मेट काढून गवतावर ठेवलं होतं. "मी यायची नाही. माझं पोट अजून दुसऱ्या वळणावरच आहे." बाकीचे सगळे आपापल्या गाडीच्या नादात. पंच म्हणाला, सीट रिकामी चालणार नाही.

"मास्तर बसतील की," पाठीमागून कोणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा.

साडूंनी जरा विचार केला. मग म्हणाले, "बसा. पण तोंडाला कुलूप. नुसतं वजन म्हणून बसायचं."

"नुसतं वजन," मास्तरांनी कबूल केलं.

ह्याहून सोपं काम जगात नसेल. गप्प बसायचं, साडू आपल्या चुका करणार, कप लाल गाडीकडे जाणार. मास्तरांनी रुमालसुद्धा न पसरता पट्टा लावला आणि हात मांडीखाली दाबून धरले. पहिलं वळण आलं. साडूंनी उशिरा ब्रेक दाबला, मास्तर गप्प. साडूंची नजर बॉनेटवर, मास्तरांनी ओठ चावला. दुसऱ्या वळणाकडे गाडी भलत्याच वेगाने निघाली, मास्तरांचा पाय ब्रेक शोधायला गेला, तिथे नुसती चटई.

"ब्रेक!" मास्तर ओरडले. "आता! बस्स, सोडा. सोडा म्हणतो ना! नजर लांब, अजून लांब. आता द्या, सगळा द्या!"

त्या आवाजापुढे डॉक्टर चळचळा कापले होते, तिथे औषधवाल्याची काय कथा. साडूंनी निमूट सांगितलं ते केलं. पुढच्या वळणाला टायर किंचाळलेच नाहीत. त्याच्या पुढच्याला गाडी अशी फिरली, जशी ती साडूंनी आजवर फक्त चमच्याने फिरवली होती. निळी गाडी शेवटच्या शंकूपाशी थांबली, तेव्हा पंचाने घड्याळ वर धरून दाखवलं. लाल गाडीहून जलद.

मास्तरांची बायको कमरेवर हात देऊन उभी. "अहो, गप्प बसायला सांगितलं होतं ना तुम्हाला? हातातला कप घालवलात!"

"चूक दिसली."

"चूक दिसली तर दिसू द्यायची! ती त्यांची चूक होती!"

"गाडीतली चूक माझीच असते," मास्तर म्हणाले, आणि पट्टा सोडून उतरले.

निळ्या बिल्ल्यावाले साडूंच्या गाडीभोवती गोळा झाले. कोणी पाठ थोपटली, कोणी निळ्या कंपनीचा जयजयकार केला. साडू हसत होते, पण मन तिथे नव्हतं. कप हातात येताच तो त्यांनी थोरलीकडे दिला आणि गर्दीतून वाट काढत मास्तरांपाशी आले. पहिल्यांदाच आवाज खाली होता.

"मास्तर, ते दुसऱ्या वळणाला 'सोडा' म्हणालात. एवढ्या लवकर का?"

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती. मग ते खाली उकिडवे बसले, बोटाने धुळीत वळण काढलं आणि सांगू लागले. साडूही गुडघे मोडून शेजारी बसले. दोघी बहिणी चहा पिऊन आल्या तरी दोघं तिथेच.

सोमवारी औषधांचं दुकान उशिरा उघडलं. डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेल्या लोकांनी पायरीवर ताटकळत पाहिलं, की चौकातून लाल गाडी येतेय, आणि निळ्या कंपनीचे कट्टर भक्त स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेत. मास्तर शेजारी.

"हात सैल," मास्तरांचा आवाज पायरीपर्यंत ऐकू येत होता. "गाडी काही पळून जात नाही, साडूभाऊ. मी बसलोय ना."