चाबूकला ठेवायचं की काढायचं

माझ्या आत्याचं नाक डावीकडे वाकडं आहे. कुणी विचारलं तर ती सांगते, बॉल लागला. बॉलबिल काही लागला नव्हता. तिच्या नवऱ्याने जेवता जेवता कोपर मारलं होतं, भाजीत मीठ नाही म्हणून. आत्याने ताटात सांडलेलं रक्त बघितलं, उठली, कामाच्या पिशवीतून मोठा पाना काढला आणि त्याच्या हातावर घातला. एकदाच. त्याची बोटं मोडली आणि तो बॅग भरून जो गेला तो गेलाच. माझे बाबा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, अजून कधीकधी म्हणतात, "अगं, पण एकदम पाना?"

आत्या म्हणते, "दादा, घण डेपोत राहिला होता."

तर अशी आत्या. बसच्या डेपोत मेकॅनिक. दिवसभर बसखालच्या खड्ड्यात उभी राहून वर हात करून काम करते, त्यामुळे तिचे खांदे एखाद्या पैलवानासारखे झालेत आणि मान कायम जराशी मागे. खाली बघून बोलणं तिला जमतच नाही. डेपोत सगळे तिला मिस्त्री म्हणतात, मॅनेजरसुद्धा.

डेपोतल्या बायकांची फुटबॉल टीम तिनेच काढली. कंडक्टर, बस धुणाऱ्या, तिकीट खिडकीवरच्या, अशा सगळ्या मिळून. सुरुवातीला पुरुष हसायचे. एक ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, बॉलमध्ये हवा भरायची असते, माहितीये ना?" आत्याने तिथल्या तिथे बॉल त्याच्या पोटात मारला. "बघ बरं, भरलीये का नीट." तो बाकावर वाकून बसला आणि पुढच्या मॅचला टाळ्या वाजवायला सगळ्यात आधी हजर.

आत्याकडे ती टीम सोडून दुसरं काही नव्हतं हो. एक खोली, एक पलंग, आणि दोरीवर बाराही महिने वाळत घातलेले टीमचे शर्ट. मी कॉलेज सुटलं की तिच्याकडे जायचे तर बसायला खुर्चीवरचे मोजे उचलावे लागायचे.

मग चाबूक आली.

चाबूक बस धुवायची. एकदा आत्याने बघितलं, एका हातात पाण्याचा पाइप आणि पायाने ही चिंध्यांचा गोळा बसच्या चाकावर मारतेय, तो परत येतोय, ही परत मारतेय, गोळा खालीच पडत नाहीये. आत्या खड्ड्यातून तशीच बाहेर आली, ग्रीसने भरलेली, आणि म्हणाली, "संध्याकाळी ग्राउंडवर ये."

"बूट नाहीत."

"माझे घाल."

पहिल्याच दिवशी तिने असा बॉल मारला की गोलकीपरने तो अडवायच्याऐवजी डोकंच झाकून घेतलं. उजवा पाय सपकन यायचा, म्हणून चाबूक. मी खरं सांगते, मी इतकं सुंदर काही बघितलंच नाहीये. दोघी-तिघी अंगावर आल्या तरी ती मधून पाण्यासारखी निघून जायची.

आणि तितकीच डोक्यात जायची! प्रॅक्टिसला वाटलं तर येणार. पास तर देणारच नाही. कुणी काही बोललं की हात उचलणार. एका मॅचमध्ये तिने समोरच्या मुलीचा दात पाडला. एकदा रेफ्रीला बूट फेकून मारला, तो नेमका कानावर बसला. ग्राउंडवर सगळे ओरडतायत आणि ही एका पायात बूट घालून उभी, म्हणते, "ऑफसाइड नव्हताच."

टीमची कॅप्टन कंडक्टर होती, तिला सगळ्या घंटी म्हणायच्या कारण ती सारखी वाजत असायची. घंटी म्हणाली, "मिस्त्री, हिला काढा. ही एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल."

आत्या म्हणाली, "राग आहे तिच्यात. काढता येतो."

काढायची आत्याची एक पद्धत होती. बसचा टायर रिमला घट्ट चिकटून बसतो, त्याच्या कडेवर घण घालून घालून तो सुटा करावा लागतो. भयंकर काम. तर जिने मारामारी केली तिने दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टायर सोडवायचा. आत्याचं म्हणणं, राग एकदा हातातून गेला की मैदानात येत नाही. बाकीच्या बायका दहा घाव घालून रडकुंडीला यायच्या आणि पुन्हा कुणाला ढकलायच्या नाहीत, त्यामुळे आत्याला वाटायचं की औषध लागू पडतं.

चाबूक रडकुंडीला आली नाही. आत्या शेजारी उभी राहून शिकवायची, "खांद्यातून नको, कमरेतून. पाय रोव. नजर जिथे मारायचंय तिथे." चाबूक शिकली. महिन्याभरात ती टायर असे सोडवायची की गॅरेजमधले पुरुष बघायला यायचे. आत्याला काय अभिमान! मला म्हणाली, "बघितलास घाव? राग निघतोय पोरीचा."

सेमीफायनल साबणाच्या कारखान्याच्या टीमबरोबर होती. त्यांची एक डिफेंडर होती, अंगाने एवढी रुंद की आम्ही तिला कपाट म्हणायचो. चाबूकने पहिल्या हाफमध्ये दोन गोल मारले, दोन्ही कपाटाला चकवून. मग कॉर्नरच्या वेळी कपाटाने चाबूकची वेणी मुठीत धरून खाली ओढली आणि म्हणाली, "बस पुसतेस ना? वाकलीच आहेस तर माझे बूटही पूस."

मी लाइनीला उभी होते, मला ऐकू आलं. माझंच डोकं फिरलं, तर तिचं काय.

चाबूकने कपाळ मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, सुकी काटकी मोडते तसा. कपाट खाली पडली, तोंड सगळं लाल, आणि चाबूक थांबलीच नाही. तिने लाथ मारली. तोच उजवा पाय. बरगड्यांत. पाय रोवून, कमरेतून. पुन्हा. पुन्हा. साबणवाल्या धावल्या, आमच्या धावल्या, कुणीतरी कोपऱ्यातला झेंडा उपटून घंटीच्या पाठीत घातला, मी मध्ये घुसले तर माझ्या कानफटात बसली, कुणाची ते आजपर्यंत कळलं नाही. आत्याने चाबूकला कमरेला धरून मागे खेचलं तर ती आत्याच्या खांद्याला चावली. शर्टातून रक्त आलं. आत्याने सोडलं नाही.

लाल कार्ड. उरलेल्या बायकांनी कसंबसं दोन-एकने मॅच जिंकली. कपाटाला उचलून नेलं.

स्पर्धा भरवणारे काका नंतर आत्याला म्हणाले, "आमच्याकडे बंदीबिंदीचा नियम नाही. फायनलला तिला आणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण आणलीत आणि असं पुन्हा झालं, तर तुमची टीम कायमची बंद."

दुसऱ्या दिवशी दुपारी टायरच्या शेडमध्ये मीटिंग बसली. बायका टायरवर टेकून डबे खात होत्या, मी दारात. मागच्या कोपऱ्यात चाबूक घण घालत होती, शिक्षा म्हणून. प्रत्येक वाक्याला मागून धाड.

"तिच्याशिवाय फायनल विसरा," गोलकीपर म्हणाली. "मी काय काय अडवू?"

धाड.

"मग हरू," घंटी म्हणाली. पाठ दुखत होती म्हणून ती उभीच होती. "त्या बाईला जेवता येत नाहीये. कुणी जाऊन बघितलं तिला?"

"तिनेच आधी वेणी ओढली!" हे मी ओरडले.

"तू कॉलेजला जा," आत्या म्हणाली. धाड.

हात वर झाले. अर्ध्या ठेवा म्हणाल्या, अर्ध्या काढा. सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्या डब्याचं झाकण नुसतं उघडत होती आणि लावत होती. मला माहीत होतं ती काय म्हणणार. पोरगी तिनेच आणली होती, स्वतःचे बूट घालायला देऊन.

तेवढ्यात घंटी म्हणाली, "मिस्त्री, माणूस असेल तर सुधारेल. हे जनावर आहे. जनावराला बांधून ठेवतात, खेळवत नाहीत."

मागून धाड आलं नाही.

मी वळून बघितलं तर चाबूक घण घेऊन पळत येत होती. घंटी भिंतीला चिकटली. डबे उडाले. चाबूकने पाय रोवले, कमरेतून फिरली, घण वर गेला, आणि आत्या मध्ये आली. नुसता हात आडवा घातला तिने, दार अडवतात तसा.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. हात कोपराच्या खाली जिथे वाकायला नको तिथे वाकला. आत्या टायरवर बसली. ओरडली नाही, फक्त तोंडाने श्वास घेत राहिली, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला.

चाबूकच्या हातातून घण पडला. "मिस्त्री... मला दिसलाच नाही तुमचा हात."

"तुला बॉल सोडून काही दिसतच नाही." आत्याचे दात वाजत होते. मग तिने त्या सोडवलेल्या टायरकडे बघितलं. "घाव मस्त होता. मीच शिकवला." ती हसायला गेली आणि तिला उलटी झाली. गोलकीपरने तिचं डोकं धरलं. तोंड पुसून आत्या म्हणाली, "माझं मत राहिलंय. काढा तिला."

"मिस्त्री!" गोलकीपर म्हणाली.

"काढा म्हटलं ना."

चाबूक तिच्या पायाशी बसून हमसून हमसून रडत होती आणि घंटी, तीच घंटी, आपली ओढणी काढून आत्याचा हात बांधत होती.

मॅनेजरला आत्याने सांगितलं, जॅक सरकला, चाक हातावर आलं. शेडमधल्या एकीनेही तोंड उघडलं नाही. मी हॉस्पिटलात आत्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, नोकरी वाचवतेस आणि टीममधून हाकलतेस, हा कुठला न्याय?

"नोकरी तिची आहे. टीम सगळ्यांची आहे. जा, पाणी आण."

फायनल आम्ही चार-एकने हरलो. गोलकीपरने दोन्ही गुडघे फोडून घेतले. घंटी लंगडत शेवटपर्यंत धावली. आत्या गळ्यात हात अडकवून लाइनीवरून शिव्या देत होती, रेफ्रीला, आम्हाला, हवेला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर डेपोत गेले. चाबूक एक बस धूत होती. तिने पाइप बंद केला नाही, वळलीही नाही.

"किती?"

"चार-एक," आत्या म्हणाली.

"मी असते तर?"

"तू असतीस तर जिंकलो असतो."

"मग?" आता ती वळली. डोळे सुजलेले. "मग कशाला काढलंत?"

"घंटीला दोन लहान मुलं आहेत. काल ती त्यांना घेऊन मॅचला आली होती."

पाइपचं पाणी तिच्याच पायांवर सांडत होतं.

"त्या साबणवालीचं घर मला माहितीये," आत्या म्हणाली. "मी संध्याकाळी जाणार आहे. ती दारातून हाकलेल, शिव्या देईल, कदाचित मारेलही. तू येणार असलीस तर मार खायला ये. उलटा हात उचललास तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

"आणि मग परत घ्याल?"

"मी नाही. ते बायका ठरवतील. बहुतेक नाहीच म्हणतील."

चाबूकने पाइप चाकावर धरला. चिखल उडाला, माझ्या कपड्यांवर, आत्याच्या प्लास्टरवर. आत्या हलली नाही. चाक साफ झालं तेव्हा चाबूकने पाइप खाली केला.

"किती वाजता?" तिने विचारलं.