किती मुली, कोणत्या तारखेपर्यंत

चतुराबाईंना राग यायला वेळ लागत नसे, पण त्या दिवशी निलंग्याहून नांदेडच्या एसटीत बसल्यापासूनच त्या धुमसत होत्या. संस्थेच्या वार्षिक नियोजनाची बैठक होती. शाळा सुटलेल्या मुलींचा सतरा नंबरचा फॉर्म भरून त्यांना बाहेरून दहावीला बसवायचं, हे त्यांचं अठरा वर्षांचं काम. त्या स्वतःही तशाच, पस्तिसाव्या वर्षी, दोन लेकरं पदरात असताना पास झालेल्या.

संस्थाप्रमुख शिवमूर्ती सरांनी पडद्यावर यंदाचं उद्दिष्ट दाखवलं: ‘मुलींमध्ये शिक्षणाविषयी जागृती वाढवणे.’ मागच्या वर्षीही हेच होतं. एकशे बारा सभा झाल्या म्हणून ते ‘पूर्ण’ ठरलं होतं. चतुराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मागच्या वर्षी त्यांच्याकडे अकरा मुली होत्या. त्यांची कागदपत्रं शाळेत द्यायच्या अगदी शेवटच्या दिवशी सरांनी जागृतीची सभा ठेवली. पाहुणे येणार, गर्दी दिसली पाहिजे. चतुराबाईंनी त्याच अकरा जणींना पुढच्या रांगेत बसवलं, त्यातल्या अर्शीला स्वागतगीत म्हणायला लावलं. हारतुरे, भाषणं, फोटो. शाळेचं ऑफिस बंद झालं तेव्हा अकराही फायली त्यांच्या पिशवीतच होत्या. डोंबलाची जागृती.

“सर, हे खोडा,” त्या उठून म्हणाल्या. “जुन्या अकरा, नव्या वीस. एकतीस मुली, फॉर्म सप्टेंबरअखेर, परीक्षा मार्चात. असं लिहा.”

“आकडा लिहिला आणि गाठला नाही तर? देणगीदार विचारतील. ‘जास्तीत जास्त मुली’ लिहू.”

“जास्तीत जास्त म्हंजे किती? इचारू द्या की त्यांना. आजवर कुणी इचारलंच न्हाई, म्हून तर आपलं लई बरं चाललंय.”

“जबाबदारी कुणाची?” सरांचा आवाज चढला.

“माझी. नाव घाला. पन फॉर्म संपेस्तवर मला एकाबी सभेला बोलवायचं न्हाई.”

सरांनी चिडूनच टाइप करणाऱ्या ऋतुजाला खूण केली. पडद्यावर एकतीस उमटले. शेजारचा ‘मागील वर्षी’ हा रकाना रिकामा होता.

“बाई, मागच्या वर्षी किती जणी बसल्या परीक्षेला?” ऋतुजानं विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. सभेला जायला त्या दिवशी आपण नाही म्हणू शकलो असतो, हे त्यांना ठाऊक होतं. सकाळपासूनचा राग आता त्यांना स्वतःचाच येत होता.

“शून्य,” त्या म्हणाल्या. “आन त्याच्यापुढं बी माझंच नाव लिही.”