ब्राँझव्हिलमध्ये बाबा

खामगावजवळच्या जलंब स्टेशनच्या फलाटावर बाबांनी माझी बॅग डब्यात चढवली. "पोहोचली का फोन करजो. अन् आपल्या लोकायतच राहजो," म्हणाले. पुढे मुंबईहून माझं शिकागोचं विमान होतं. मी मान हलवली.

तिथे इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी लागली, आणि परवडणारं घर मिळालं ते जवळच्या ब्राँझव्हिलमध्ये, कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत. ओळखीच्या मराठी मंडळींनी तोंडं वाकडी केली. मी भीतभीतच राहायला गेले आणि खामगावला घरी फोनवर सांगितलं, की शेजारी सगळे आपलेच आहेत. ते खोटं चार वर्षं चाललं.

खरी शेजारीण होती मिस रूथ. वय ऐंशीच्या घरात, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. पहिल्या हिवाळ्यात मी तापानं फणफणले, तेव्हा रोज सूप घेऊन दार ठोठावायच्या. त्यांच्याकडूनच कळलं, की त्यांचे आईवडील मिसिसिपीतली कापसाची शेतं सोडून रेल्वेनं इथे आले. शहरात दुसरीकडे कृष्णवर्णीयांना कोणी घर देईना. म्हणून डॉक्टर, मोलकरणी, गवई सगळे याच गल्ल्यांत दाटीनं राहिले. गावाकडून आणलेलं ब्लूज संगीत इथे विजेच्या गिटारवर वाजू लागलं, आणि त्याचाच ठेका चर्चमधल्या देवाच्या गाण्यांत शिरला. पुढे कितीतरी इमारती पाडल्या गेल्या. एकदा त्यांनी मला गवत वाढलेला मोकळा प्लॉट दाखवला. "इथल्या हॉलमध्ये मी सतराव्या वर्षी पियानो वाजवला," म्हणाल्या, आणि बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून निवृत्त झालेले, भजनी मंडळात पखवाज वाजवणारे. टॅक्सीतून उतरून त्यांनी रस्ता न्याहाळला.

"आपले लोकं कुठं हायेत वं?"

मी सगळं सांगून टाकलं, मिस रूथ आणि त्यांच्या आईवडिलांबद्दलही. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

रविवारी मिस रूथ आम्हाला चर्चमध्ये घेऊन गेल्या. एका बाईनं ओळ म्हटली, सगळ्यांनी ती उचलून धरली. बाबांची बोटं मांडीवर चालू लागली. कोणीतरी त्यांच्या हातात खंजिरी दिली. शेवटपर्यंत त्यांचा ठेका चुकला नाही.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "इच्या मायबापानं कापूस येचला ना? इले सांग, म्या जिंदगीभर कापूस तोलला." मी सांगितलं. मिस रूथ हसल्या आणि त्यांचा हात धरूनच पायऱ्या उतरल्या.

घराशी आल्यावर बाबांनी विचारलं, "मले खोटं काऊन सांगतलं?"

"तुम्ही परत बोलावलं असतं."

"बलावलं असतं," ते म्हणाले. "आता नाही बलावत."

मला रडूच फुटलं. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आता घर म्हटलं की मला खामगावही आठवतं आणि ही गल्लीही, आणि एकाबद्दल बोलताना दुसरं लपवावं लागत नाही. रविवारी सकाळी मी खिडकी उघडून फोन लावते. शेजारच्या घरात चर्चला जाण्याआधी मिस रूथचा पियानो चालू असतो. खामगावात संध्याकाळ झालेली असते. बाबा जरा वेळ ऐकतात आणि म्हणतात, "आज ठेका घाईत हाये वं बाई."